मांजराला पिशवीत कोंबून शिबिराला आणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२८ सप्टेंबर हा जागतिक रेबीजदिन. त्या सुमारास महापालिका, जिल्हा परिषदेचे जनावरांचे दवाखाने, पशुवैद्यक महाविद्यालये आणि प्राण्यांसाठी काम करणारी मंडळी ठिकठिकाणी मोफत लसीकरण शिबिरे भरवतात. आपल्या पत्रातही त्यांच्या बातम्या येतात. स्थळ, वेळ, फोन नंबर सगळे असते. मांजर तिथपर्यंत आणायचे कसे, याबद्दल मात्र एक ओळ नसते. कुत्र्याच्या गळ्यात पट्टा अडकवला की काम भागते. मांजराचे तसे नाही. मग कोणी ते बाजाराच्या पिशवीत घालून वर गाठ मारते, कोणी पोत्यात भरते, कोणी खोक्याला भोके पाडते, कोणी नुसतेच छातीशी धरून स्कूटरवर मागे बसते. मंडपात लाऊडस्पीकर आणि रांगेतली कुत्री दिसली की ते नखे काढून सुटते. अनोळखी जागेत सुटलेले मांजर हाकेला येत नाही, ते जवळच्या गटारात किंवा गाडीच्या बॉनेटमध्ये शिरते आणि रात्री कुठल्या कुठे जाते.

ज्या घरी हा प्रकार एकदा होतो तिथले लोक पुढच्या वर्षी येतच नाहीत. रेबीजची लस मांजराला तीन महिन्यांच्या वयाला आणि मग आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे दरवर्षी द्यायची असते. ती चुकते ती बहुतेकदा पैशांमुळे नाही, नेण्याच्या धास्तीमुळे. शिवाय घाबरलेले मांजर चावते. त्याचे दात सुईसारखे असल्याने जखम वरून टिचभर दिसते आणि आत खोल जाते. म्हणजे रेबीज टाळायला निघालेला माणूस स्वतःच इंजेक्शने घेत बसतो. (तसे झालेच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. हळद, चुना, काही लावू नये.)

हे पत्र आत्ता, स्वातंत्र्यदिनाच्या आठवड्यात लिहितो आहोत, कारण १५ ऑगस्ट ते २८ सप्टेंबर एवढ्यात सहा आठवडे हाताशी असतात आणि मांजराला कॅरियरची, म्हणजे त्याला नेण्याच्या दार असलेल्या पेटीची, सवय लावायला साधारण तेवढाच वेळ लागतो. व्हिएन्नाच्या पशुवैद्यक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २२ मांजरे होती. निम्म्यांना सहा आठवड्यांत २८ छोटे पाठ दिले, निम्म्यांना दिले नाहीत. पाठ झालेल्या मांजरांना गाडीत ताण कमी आला आणि त्यांची तपासणीही लवकर उरकली. मांजर शिकत नाही, ते आपल्या मर्जीचे धनी असते, असे आपल्याकडे कौतुकाने म्हणतात. ते शिकते, आणि चांगलेच शिकते. आपण त्याला नेमके उलटे शिकवतो, एवढेच.

कसे, ते पाहा. मांजर हे जागेचे जनावर आहे. सोफ्याचा पाय, दाराची चौकट, आपली पोटरी, सगळ्याला ते गाल घासत फिरते. गालाजवळच्या ग्रंथींचा वास तिथे लागतो, आणि तो वास जिथे आहे तिथे ते निर्धास्त असते. आता वर्षभर माळ्यावर पडलेला कॅरियर एका सकाळी खाली उतरतो. त्याला धुळीचा, डांबराच्या गोळ्यांचा, नाहीतर गेल्या खेपेच्या मुताचा वास. घरातली माणसे एकदम कुजबुजायला लागतात, दारे लावतात, मग दिवाणाखालून झाडूने ढोसून मांजराला बाहेर काढतात आणि आत कोंबतात. पुढे रिक्षाचे धक्के, कुत्र्यांचा वास, थंडगार स्टीलचे टेबल, सुई. या साखळीची पहिली कडी कॅरियर आहे, म्हणून पुढच्या वर्षी तो माळ्यावरून निघताना नुसता आवाज झाला तरी मांजर फ्रिजमागे जाते. हट्टीपणाचा यात काही संबंध नाही.

म्हणून पहिले काम, कॅरियर माळ्यावरून काढा आणि पुन्हा कधीही वर टाकू नका. तो बारा महिने घरात, मांजराच्या बसण्याच्या जागी, उघडा पडलेला असला पाहिजे. छोट्या घरात अडगळ होते हे खरे. मग वरचा भाग काढून खालच्या भागाचाच बिछाना करावा, किंवा खिडकीजवळच्या स्टुलावर ठेवून त्याच्या पाठीवर उशी टाकावी. मांजराला उंचावरची गुहा आवडतेच.

कॅरियर कोणता घ्यावा? पाठीवर अडकवायची, पारदर्शक घुमटाची खिडकी असलेली बॅग सध्या फार खपते. ती घेऊ नये. घुमटातून ऊन आत येते, हवा खेळत नाही, मांजराला लपायला आडोसा मिळत नाही आणि चालताना तळ हिंदकळतो. वेताची टोपली देखणी, पण मांजर तिच्यात एकदा मुतले की वास मुरतो आणि विणीत नखे अडकतात. चेनची कापडी बॅग हलकी असते. तिची खोड अशी की दोन रनरांच्या मधल्या फटीत नाक खुपसून मांजर चेन उघडते, तेव्हा दोन्ही रनर किल्ल्यांच्या कडीने एकमेकांत अडकवून टाकावेत. सगळ्यांत उपयोगी तो दोन भागांचा कडक प्लॅस्टिकचा कॅरियर, ज्याचे वरचे अर्धे अंग क्लिपा काढून संपूर्ण अलग होते. चार-पाच किलोच्या मांजराला सुमारे ५० सेंटिमीटर लांब आणि ३० ते ३३ सेंटिमीटर रुंद व उंच पुरतो. आत त्याला उभे राहता, वळता आणि अंग टाकता आले पाहिजे. ‘मोठा बरा’ म्हणून फार ऐसपैस घेतला तर वळणावर मांजर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला घसरते. स्क्रूपेक्षा क्लिपा चांगल्या, कारण दवाखान्यात पेचकस शोधत बसावे लागत नाही. वरच्या मुठीवर कधीच भरवसा ठेवू नये. मूठ निखळते, नाहीतर क्लिप सुटून खालचा भाग मांजरासकट रस्त्यावर पडतो. दोन्ही हातांनी तळातून धरावे, शिवाय सामानाचा एक पट्टा भोवती आवळावा.

एवढा खर्च जमत नसेल तर धुण्याच्या कपड्यांची झाकणवाली जाळीदार प्लॅस्टिकची बास्केट चालते. झाकण चारही बाजूंनी नाडीने घट्ट बांधावे. केबल टाय वापरलेत तर सोबत कात्री न्यावी, नाहीतर दवाखान्यात पोचूनही मांजर आतच. पोते आणि गाठ मारलेली पिशवी मात्र कोणत्याही परिस्थितीत नको. आत हवा कमी, शिवाय चहूबाजूंनी कापड अंगाला चिकटते. घरात दोन मांजरे असतील तर दोन कॅरियर. एरवी एकमेकांना चाटणारी भावंडेसुद्धा घाबरली की शेजारच्यावर तुटून पडतात.

वापरलेला कॅरियर आधी धुवून घ्या, पण फिनेल किंवा डेटॉलसारखे जंतुनाशक लावू नका. मांजराच्या यकृताला त्यातली फिनॉलच्या जातीची रसायने पचवता येत नाहीत. पायाला लागलेले ते चाटते आणि पोटात घेते. कोमट पाणी, साधा साबण, भरपूर पाण्याने खळबळणे आणि कडक ऊन पुरते. निलगिरी, टी ट्री असल्या तेलांचे थेंबही टाकू नयेत. तळाला प्लॅस्टिक, त्यावर वर्तमानपत्राचे चार कागद (आपण राग मानणार नाही अशी आशा आहे) आणि त्यावर मांजर ज्यावर रोज झोपते तो गोधडीचा किंवा जुन्या साडीचा तुकडा, न धुता. एका मऊ फडक्याने मांजराचे गाल आणि हनुवटी हलकेच पुसून तेच फडके कॅरियरच्या आतल्या कडांवर आणि दाराच्या चौकटीवर फिरवावे. हे दर दोन-तीन दिवसांनी केले तर ती पेटी हळूहळू ‘आपली’ होते.

आता पाठ. एक पाठ तीन ते पाच मिनिटांचा, दिवसातून एकदा किंवा दोनदा, जेवणाच्या आधी, पोटात थोडी भूक असताना. मांजराला जिवापाड आवडणारा एकच पदार्थ निवडा आणि तो फक्त कॅरियरमध्येच मिळेल असे करा. कांदा, लसूण, मीठ न घातलेले उकडलेले चिकन चालते, नळीतून चाटवायचे क्रीमसारखे खाणे तर उत्तमच. सुकट देणार असाल तर दोन पाण्यांतून काढून मीठ घालवा. तुकडा करंगळीच्या नखाएवढा. दूध नको. पुष्कळ मोठ्या मांजरांना ते पचत नाही आणि ऐन प्रवासात जुलाब होतात.

पहिल्या आठवड्यात झाकण आणि दार काढून नुसता खालचा भाग ठेवा. खाण्याची बशी आधी इतक्या लांब ठेवा की मांजर न बिचकता खाईल, मग ते अंतर दोन मीटर असो नाहीतर दहा फूट. रोज एक वीत जवळ. मांजर मान लांबवून, मागचे पाय दूर रोवून खात असेल तर आज पुढे सरकायचे नाही. दिवसा मधूनच, कोणी बघत नाही असे दाखवत, आत दोन तुकडे टाकून निघून जायचे. ते स्वतः शोधून खाल्लेले दोन तुकडे हातातल्या दहा तुकड्यांपेक्षा जास्त काम करतात. दुसऱ्या आठवड्यात बशी आत जाते, आणि मांजर आत बसून खायला, झोपायला लागले की वरचा भाग चढवायचा. दार अजून नाही.

दार हा नाजूक भाग आहे, घाई इथेच होते. दार बसवल्यावर चार-सहा दिवस ते उघडे, मागे दोरीने बांधून ठेवा, म्हणजे वाऱ्याने आपटणार नाही. मग मांजर आत नळी चाटत असताना दार नुसते लोटायचे आणि चाटणे संपायच्या आत उघडायचे. एक सेकंद. पुढच्या वेळी तीन, मग पाच, दहा, अर्धे मिनिट, एक मिनिट, पाच मिनिटे. वेळ नेहमी चढती ठेवू नका, मधूनमधून सोपी फेरी द्या. मांजराने दाराला पंजा मारला, ओरडले किंवा खाणे सोडले तर आपण पुढे पळालो असे समजावे आणि उद्या निम्म्या वेळेपासून सुरू करावे. आत गेलेले पाहून ‘सापडले!’ म्हणत पहिल्याच दिवशी दार खटकन लावणारे लोक दोन आठवड्यांचे काम एका सेकंदात घालवतात, आणि नंतर ते मांजर आत जाताना मागचे दोन पाय कायम बाहेर ठेवते.

दार लावून पाच मिनिटे निवांत बसायला लागले की उचलणे. आधी जमिनीपासून चार बोटे वर आणि परत खाली, खाणे. मग खोलीत चार पावले. मग दारापर्यंत, जिन्यापर्यंत, लिफ्टमध्ये एक मजला. कॅरियर पायाला लागून हेलकावे खात नाही ना, ते पाहा. पोटाशी धरून, दाराची बाजू आपल्या अंगाकडे. पाचव्या आठवड्यात उभ्या गाडीत बसून खाणे, इंजिन बंद. मग इंजिन चालू. मग गल्लीतून एक फेरी आणि घर. शेवटच्या आठवड्यात, जमल्यास, दवाखान्यात नुसते जाऊन यावे. वजन करायचे, एखादा तुकडा खायचा, सुई नाही, परत. कंपाउंडरला आधी विचारले तर कमी गर्दीच्या वेळी सहसा नाही म्हणत नाहीत. रिकाम्या कॅरियरचे वजन घरी करून त्याच्यावर पट्टी चिकटवून लिहून ठेवले, तर मांजराला बाहेर न काढता काट्यावर ठेवून वजाबाकी करता येते.

या सहा आठवड्यांत गणपती येतात. ढोल-ताशे आणि फटाके असतील त्या दिवशी पाठ बंद ठेवावेत. मात्र कॅरियर उघडा राहू द्यावा. आवाजाने घाबरलेले मांजर आपण होऊन त्यात जाऊन बसले, तर अर्धे काम गणपतीनेच केले म्हणायचे. अशा वेळी दार लावायचा मोह आवरा.

प्रत्यक्ष न्यायच्या दिवशी तासभर आधी झोपायच्या खोल्यांची दारे लावून घ्या. दिवाणाचा खण, कपाटाची फट, माळा, वॉशिंग मशीनची मागची बाजू बंद. पाठ नीट झाले असतील तर मांजर स्वतः आत जाते. नसतील, तर त्याला लपण्यासारखे काही नसलेल्या छोट्या खोलीत न्यावे, वरचा भाग काढावा, मोठ्या टर्किश टॉवेलात मांजराला चारही पायांसकट गुंडाळून टॉवेलासह खालच्या भागात ठेवावे आणि झाकण चढवावे. झाकण न निघणारा कॅरियर असेल तर तो भिंतीला टेकवून, दार वर येईल असा उभा करावा आणि मागचे पाय आधी, असे आत सोडावे. डोके पुढे करून ढकलले की चार पाय चार कडांना टेकतात आणि मग कुस्ती सुरू होते. मानगुटीला धरून लोंबकळत उचलू नये. आई पिल्लाला तसे नेते ते पहिल्या काही आठवड्यांत. मोठ्या मांजराला त्या पकडीत दुखतेही आणि भीतीही वाटते.

प्रवासात उलटी होणाऱ्या मांजराला निघण्याआधी तीन-चार तास खायला देऊ नये, पाणी चालेल. फक्त लसीसाठी जायचे असेल तर बाकीच्यांना उपाशी ठेवण्याची गरज नाही. लहान पिल्लांना तर मुळीच नाही. भूल द्यायची असेल तेव्हा डॉक्टर सांगतील तेच.

वाहन? स्कूटरच्या पुढच्या हुकाला लटकवलेला कॅरियर हा सगळ्यांत वाईट प्रकार. तो हिंदकळतो, ब्रेक दाबला की आपटतो आणि हॉर्न थेट कानात. रिक्षा बरी. कॅरियर सीटवर पाठीला टेकवून, एक हात वर. मांडीवर ठेवला तर प्रत्येक खड्ड्याबरोबर उडतो. चारचाकीत पुढच्या सीटच्या मागे खाली, जमिनीवर घट्ट बसेल असा. डिकीत नाही. वरून आणि तीन बाजूंनी सुती ओढणी किंवा पंचा टाकावा, एक बाजू हवेला उघडी. पावसात वरून प्लॅस्टिक गुंडाळून टाकतात, त्याने आत गुदमरते. छत्री धरावी. ‘बिचारे ओरडते आहे’ म्हणून रिक्षात कॅरियरचे दार उघडून हात आत घालू नये, रिक्षाला दारे नसतात हे विसरायला होते. उन्हाळ्यात भर दुपारी निघू नये आणि बंद गाडीत पाच मिनिटेही ठेवू नये. मांजर कुत्र्यासारखे जीभ काढून धापा टाकत असेल तर ती त्याची सवय नसते. सावलीत थांबून, हवा देऊनही दोन-तीन मिनिटांत तोंड मिटले नाही तर तो तातडीचा रुग्ण समजावा.

याच्या उलट, दवाखान्यात एका कोपऱ्यात गोळा होऊन बसलेल्या मांजराला ‘किती शहाणे आहे’ म्हणतात. कान आडवे, बुबुळे मोठी काळी, शेपूट अंगाखाली, मिशा मागे, पुन्हा पुन्हा ओठ चाटणे ही शहाणपणाची लक्षणे नव्हेत. ते भीतीने थिजलेले असते, आणि थिजलेल्या मांजराला जोराने दाबून धरले तर पुढची पायरी फिसकारण्याची आणि नंतरची चावण्याची. या भीतीने तपासण्याही फसतात. नाडी, श्वास, रक्तदाब वाढतो. नुसत्या ताणाने मांजराची रक्तातली साखर इतकी चढू शकते की मधुमेह आहे असे वाटावे. म्हणून दवाखान्यातल्या एकाच चाचणीवरून मधुमेह ठरवायचा नसतो, लघवीची किंवा फ्रुक्टोसामीनची (मागच्या काही दिवसांतल्या साखरेचा अंदाज देणारी रक्ताची) तपासणी जोडीला लागते.

औषधांबद्दल. ज्या मांजराला पाठ देऊनही भीती आवरत नाही, किंवा पाठ द्यायला वेळच नाही, त्याला पशुवैद्य गॅबापेंटिन हे भीती कमी करणारे औषध लिहून देतात. तोंडावाटे एक मात्रा, निघण्याच्या दोन-तीन तास आधी, बऱ्याच मांजरांना ५० ते १०० मिलिग्रॅमच्या दरम्यान. नेमका आकडा वजन आणि मूत्रपिंडांची स्थिती पाहून डॉक्टरांनीच ठरवायचा. मूत्रपिंडे कमजोर असतील तर मात्रा बरीच कमी लागते. पहिल्यांदा देताना सुटीच्या दिवशी घरी देऊन पाहावे. मांजर पेंगते, पाय थोडे लटपटतात, म्हणून त्या काळात गॅलरी, खिडकीचा कट्टा, उंच कपाट बंद. इथे आपल्याकडचा एक खास धोका सांगितला पाहिजे. मेडिकलच्या दुकानात गॅबापेंटिन बहुतेकदा माणसांच्या नसांच्या दुखण्यासाठी मिथाइलकोबालामिन किंवा नॉरट्रिप्टिलीनबरोबर एकत्र केलेल्या गोळीत मिळते. ‘तेच आहे’ म्हणून दिलेली ती गोळी मांजराला चालणार नाही. चिठ्ठीवर फक्त गॅबापेंटिन असेल तर फक्त गॅबापेंटिनच घ्या. आणि तापाची, अंगदुखीची पॅरासिटामॉल तर मांजराला अर्धी गोळीही जीवघेणी ठरते. युरोपीय संघात २०२१ मध्ये प्रवास आणि दवाखान्याच्या भीतीसाठी खास मांजरांचे प्रीगॅबालिनचे द्रावण मंजूर झाले आहे. म्हणजे ही भीती हा उपचार करण्याजोगा त्रास आहे, लाड नव्हेत, हे औषधशास्त्रानेही मान्य केले. पूर्वी सर्रास दिले जाणारे असेप्रोमॅझिन हे गुंगीचे औषध एकटे दिले तर अंग सुस्त करते, भीती तशीच ठेवते. गालाच्या गंधाची नक्कल केलेले फवारे मिळतात. ते मांजर आत घालण्याच्या पंधरा मिनिटे आधी कापडावर मारायचे, कारण ताज्या फवाऱ्यातल्या अल्कोहोलचाच वास त्याला आधी झोंबतो. उपयोग होतो, पण पाठांऐवजी नाही.

दवाखान्यात कॅरियर जमिनीवर ठेवू नका. प्रत्येक कुत्रा नाक लावून जातो. खुर्चीवर किंवा टेबलावर, तोंड भिंतीकडे, कापड तसेच. नंबर येईपर्यंत बाहेर रिक्षात किंवा जिन्यात थांबलेले बरे. संध्याकाळी सहा ते नऊ गर्दी असते, तेव्हा फोन करून सकाळचा पहिला नंबर मागावा. तपासणीच्या खोलीत गेल्यावर दार-खिडक्या बंद आणि पंखा बंद (उडी मारलेले मांजर पात्याला लागते), हे दोन्ही सांगायला संकोचू नका. मग वरचा भाग काढून मांजर खालच्या भागातच ठेवून तपासता येते का, हे डॉक्टरांना विचारा. लस कातडीखाली द्यायची असते, ती तशी सहज देता येते. डोक्यावर टॉवेल घातला की बरीच मांजरे गप राहतात. अमेरिकेतल्या आणि आंतरराष्ट्रीय मांजरवैद्यक संघटनांनी २०२२ साली मिळून काढलेल्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: मानगूट धरू नका, कमीत कमी धरा, लपू द्या. आपल्याकडच्या डॉक्टरांचाही वेळच वाचेल. कॅरियर तिरका करून मांजर ओतून काढण्याची पद्धत बंद झाली तरी पुष्कळ होईल.

शिबिर भरवणाऱ्यांना चार गोष्टी सुचवतो. पहिला एक तास फक्त मांजरांचा ठेवावा. मांजरांचे टेबल मंडपात नको, शेजारच्या शाळेची किंवा समाजमंदिराची दार लागणारी खोली मागून घ्यावी. तिथे स्पीकर नको. आणि दाराशी दहा-बारा जुन्या चादरी ठेवाव्यात, झाकायला न आणणाऱ्यांसाठी. कोणी पोत्यात मांजर आणलेच तर ते बाहेर उघडू देऊ नये. तसेच बंद खोलीत न्यावे, दार लावावे आणि मगच गाठ सोडावी. रस्त्यावरच्या मांजरांना पाठ देता येत नाहीत. त्यांना नसबंदीसाठी पकडायचे पिंजरेच वापरावेत आणि दार पडल्या क्षणी पिंजरा पूर्ण झाकावा. झाकला की आदळआपट थांबते आणि नाकाला, पंज्यांना इजा होत नाही.

परत आल्यावर कॅरियर खाली ठेवून दार उघडा आणि बाजूला व्हा. बाहेर यायची वेळ त्याची. घरातली इतर मांजरे दवाखान्याच्या वासामुळे आपल्याच भावाला ओळखत नाहीत, फिसकारतात. आलेल्याला काही तास वेगळ्या खोलीत ठेवावे आणि सगळ्यांच्या बिछान्यावरचे एकच फडके त्याच्या अंगावरून फिरवावे. रात्रीचे जेवण कॅरियरमध्ये. दुसऱ्या दिवसापासून आठवड्यातून दोन पाठ चालू ठेवले तर पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

लसीचे निमित्त असले तरी काम तेवढेच नाही. बोका मातीच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतो, कण्हतो आणि लघवी होत नाही, तेव्हा मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. अशा वेळी एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो, सहा आठवडे कुणाकडे नसतात. २०१९ साली सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ साली चिपळुणात पाणी चढले तसे पुन्हा चढले, तर होडीत बसताना हातात धरलेले मांजर टिकत नाही, कॅरियरमधले टिकते.

आपल्याकडे मागणे एवढेच, की येत्या महिन्यात शिबिरांच्या बातम्या छापताना खालच्या ओळी चौकटीत द्याव्यात, आणि त्या शिबिराच्या आदल्या दिवशी नव्हे, आतापासून:

‘मांजर पिशवीत किंवा पोत्यात आणू नये. झाकण घट्ट लागणाऱ्या पेटीत, खाली त्याच्या रोजच्या वापरातले कापड घालून, वरून चादर झाकून आणावे. पेटी आजच घरात उघडी ठेवावी आणि मांजराला रोज तिच्यातच खायला घालावे. मांजरांची वेळ वेगळी आहे का, हे शिबिराच्या फोनवर आधी विचारावे.’

आपले,
मांजरांच्या उपचारांचे व पुनर्वसनाचे काम करणारे काही जण, पुणे